आपलाच हाय, साहेब

दत्ताचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, शाळेच्या स्टाफरूममध्ये दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. दत्ता माझा धाकटा भाऊ. लोह्याला राहतो, मालवाहू पिकअप चालवतो आणि दिवसा सहसा फोन करत नाही. "ताई, आपल्या वकीलबाई गेल्या," एवढंच तो म्हणाला. मागे गाडीचं इंजिन चालूच होतं. कोण वकीलबाई, असं मी विचारलं नाही. आमच्या घरात वकीलबाई एकच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी बातमीच्या आधी माझ्या कानाला लागला तो दत्ताने वापरलेला एक शब्द. 'आपल्या'. हा शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी त्याला त्याच बाईंनी ताकीद दिली होती, आणि गेली काही वर्षं तो ती इमानाने पाळत आला होता. मी लाल पेन खाली ठेवलं आणि त्या दिवशी पुढचे पेपर काही तपासले नाहीत.

अ‍ॅडव्होकेट कलावती बिरादार यांना लातूरच्या कोर्टात सगळे बिरादारबाई म्हणत. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, काळ्या कोटाच्या दोन्ही खिशांत पेन्सिलींचे तुकडे. त्यांचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, घरात सगळे कन्नड बोलणारे. मराठी त्या शाळेत गेल्यावर शिकल्या, आणि शिकल्या म्हणजे काय, तर वर्गातल्या पोरी काय बोलतात ते घरी येऊन पुटपुटत पाठ केलं. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या की तुम्हा लोकांना मराठी फुकटात मिळाली म्हणून तुम्ही ती ऐकत नाही, मला ऐकावीच लागली. तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला हे वाक्य फार झोंबलं होतं. पण ते खरं होतं, आणि त्याच खरेपणामुळे माझा भाऊ आज घरी आहे.

झालं होतं ते असं. दत्ता धर्माबादच्या मोंढा बाजारातून वाळल्या मिरचीची पोती भरून लातूरला निघाला होता. बत्तीस पोती, त्या सगळ्यांची बिल्टी, म्हणजे कुणाचा माल कुणाला जायचा याची पावती, त्याच्या खिशात. मोंढ्याच्या बाहेर एका ओळखीच्या माणसाने आणखी एक पोतं मागे टाकलं. लातूरला पोचलास की फोन येईल, उतरवून घेतील, म्हणाला. या पोत्याची बिल्टी नव्हती. दत्ताने विचारली नाही. अहमदपूर ओलांडल्यावर पोलिसांनी गाडी थांबवली, मागे पाहिलं आणि विचारलं, माल कुणाचा? दत्ताने जे उत्तर दिलं ते त्याने आयुष्यात हजार वेळा दिलं असेल. "आपलाच हाय, साहेब." मग तेहतिसावं पोतं उघडलं गेलं. वर हातभर मिरची, खाली गांजा. वजन केलं तर बावीस किलो.

मला फोन आला तो भावजयीचा. सुनंदा रडत नव्हती, तिला फक्त कळत नव्हतं की आता कुणाला विचारायचं. मलाही कळत नव्हतं. आमच्या घरात कोर्ट म्हणजे बांधाचं भांडण. म्हणून मी शेताच्या दाव्यात आमचं काम पाहणाऱ्या नांदेडच्या वकिलांकडेच धावले. माणूस सज्जन. त्यांनी आठ दिवसांत जामीन करून देतो म्हणून सांगितलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. जामिनाचा अर्ज त्यांनी केलाही, तो पंधरा दिवसांनी फेटाळलाही गेला, आणि मग ते स्वतःच मला म्हणाले की बाई, हा कायदा माझ्या रोजच्या कामातला नाही. मला राग आला, पण आता वाटतं, एवढं कबूल करणारी माणसंही थोडीच असतात. मधल्या काळात एका पुढाऱ्याच्या मागेपुढे फिरणाऱ्याने 'वरून सांगतो' म्हणून चार दिवस झुलवलं. सुनंदाच्या भावाने आणखी तीन वकिलांची नावं आणली, तिघांचंही मोठं नाव. कुणाला निवडायचं?

माझा स्वभाव असा की मला कुणी सांगितलेलं पटत नाही, स्वतः तपासावं लागतं. मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली आणि लातूरला जाऊन, ज्या कोर्टात अशा केसेस चालतात तिथे मागच्या बाकावर जाऊन बसले. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. कोण धडा वाचून आलंय आणि कोण ऐन वेळी पानं उलटतंय, हे ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आहे. त्या तिघा नामवंतांपैकी दोघे पानं उलटणारे निघाले, तिसरे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बुटक्या बाई उठल्या. समोर साक्षीदार होता. त्यांनी हळू आवाजात एकच प्रश्न विचारला आणि गप्प उभ्या राहिल्या. साक्षीदाराने उत्तर दिलं. त्या तरीही गप्प. मग त्याने आपण होऊन आणखी एक वाक्य जोडलं, आणि बाई "झालं" म्हणून खाली बसल्या. मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या पोलिसाला विचारलं, या कोण?

त्यांचं ऑफिस म्हणजे कोर्टासमोरच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरची एक खोली. दाराशी टेबल टाकून त्यांचे कारकून गफूरचाचा बसत, पांढरी दाढी, समोर फायलींची चळत. मी आत गेले, कागदांची पिशवी टेबलावर ठेवली. बाईंनी ती उघडली नाही. बसा म्हणाल्या, आणि एक साधी वही पुढे ओढली. त्यांना एफआयआर आधी नको होता, पंचनामा नको होता. भाऊ काय बोलला, साहेब काय बोलले, कोणत्या क्रमाने, शब्दाला शब्द, एवढंच हवं होतं. मी सांगायला लागले की त्याने सदर माल त्याचा असल्याचं... बाईंनी पेन्सिल थांबवली. "तुमचा भाऊ 'सदर' म्हणतो का?"

मग मी जरा ताठरपणेच, मी केलेलं एक काम त्यांच्यापुढे ठेवलं. दत्ताच्या वतीने मी एक निवेदन लिहिलं होतं, वरिष्ठ अधिकाऱ्यांना द्यायला. दोन रात्री खपून, शुद्धलेखन तपासून, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या दिवशी नेऊन देणार होते. त्यात वाक्य होतं: 'सदर माल माझ्या ताब्यातील वाहनात असल्याचे मी प्रांजळपणे मान्य केले होते, परंतु त्यातील आक्षेपार्ह पदार्थाविषयी मी अनभिज्ञ होतो.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. बाईंनी निवेदन वाचलं, मग माझ्या पिशवीतून पंचनामा काढून त्याच्या शेजारी ठेवला. तिथे लिहिलं होतं: 'सदर पोते आपल्या मालकीचे व ताब्यातील असल्याचे आरोपीने कबूल केले.' त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, तुम्ही आणि तो हवालदार एकाच शाळेत शिकलात काय?"

या कायद्यात सगळं ताब्यावर उभं असतं, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावलं. वस्तू जवळ सापडली एवढ्याने भागत नाही, ती काय आहे हे ठाऊक असून जवळ ठेवली का, हा प्रश्न असतो. पण एकदा ताबा ठरला की ठाऊक होतं हे कोर्ट धरूनच चालतं, आणि नव्हतं हे दाखवायचं ओझं आरोपीच्या डोक्यावर येतं. आणि गांजा वीस किलोच्या वर गेला की कायदा त्याला धंद्याचं प्रमाण मानतो, जामीन अवघड होतो, शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण कागदावर चढलेला शब्द वाचणाऱ्याच्या मनात बसतो. आणि मी... मी तर तो शब्द सख्ख्या भावाच्या नावाने, उत्तम अक्षरात, स्वतः लिहून द्यायला निघाले होते. बाईंनी निवेदनाचे चार तुकडे केले, टेबलाखालच्या डब्यात टाकले आणि चहा मागवला. त्या काही रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

निघताना मी विचारलं, सुटेल ना? त्या म्हणाल्या, "ते मी न्हाई सांगत. तारखेला येईन आणि वाचून येईन, एवढं सांगते." आठ दिवसांच्या वचनापेक्षा मला ते जड वाटलं, पण घरी परतताना एसटीत पहिल्यांदा डोळा लागला.

पुढच्या आठवड्यात आम्ही जेलमध्ये दत्ताला भेटलो. तिथे मी एक गोष्ट केली ती लिहायला मला अजूनही संकोच वाटतो, पण बाईंवर लिहायचं आणि ती वगळायची हे बरं नाही. मी दत्ताला हळूच म्हणाले की ते पोतं हमालांनी तुझ्या नकळत टाकलं, तू तेव्हा चहा प्यायला गेला होतास, असंच सांग. बाईंनी ऐकलं. माझ्याकडे न बघता त्यांनी दत्ताला विचारलं की पोतं टाकताना तू कुठं होतास. दत्ता माझ्याकडे बघायला लागला. बाई थांबून राहिल्या, कोर्टात थांबल्या होत्या तशाच.

"गाडीपाशीच होतो," दत्ता शेवटी म्हणाला. "बिल्टी इचारायला पायजे होती. इचारली न्हाई."

"आत काय हाय ते ठाऊक होतं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मिरचीच हाय म्हणून समजलो. वास बी मिरचीचाच की सगळ्या गाडीला."

बाईंनी वहीत ते सगळं तसंच लिहिलं. गप्प राहिला, हेही लिहिलं. मग विचारलं की 'आपलाच हाय' हे तू पोतं उघडायच्या आधी म्हणालास की नंतर. दत्ता म्हणाला, आधी. उघडल्यावर तोंडच वाळलं, काही बोललोच नाही. पंचनाम्यात मात्र कबुली पोतं उघडल्यानंतर आली होती. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या की तुम्ही सांगितलेली चहाची गोष्ट त्याने सांगितली असती तर सरकारी वकिलाने ती दहा मिनिटांत फाडली असती, आणि मग त्याचं खरंही कुणी ऐकलं नसतं. मी मान खाली घालून चालत होते. त्यांनी विषय बदलला आणि नांदेडला केळी काय भावाने मिळतात ते विचारलं.

जामीन मिळायला अकरा महिने लागले. त्यासाठी औरंगाबादच्या खंडपीठात जावं लागलं. तिथे मी उपयोगाची नाही, तिथे रोज उभा राहणारा माणूस हवा, म्हणून बाईंनीच दुसऱ्या वकिलाचं नाव दिलं आणि फाईल तयार करून पाठवली. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले शेंडे. इथे तर पानं, काड्या सगळंच एकत्र तोललं होतं, मग वीस किलो भरतात कुठे, हा मुद्दा त्यांनी पेन्सिलीने समासात लिहून दिला होता, आणि तोच तिथे चालला. दत्ता घरी आला. पण सुटला नव्हता. त्याची मुलगी तेव्हा पाचवीत होती. मोठी होऊन ती लग्नाला आली तर बाबा असतील का, असं तिने एकदा मला विचारलं होतं. दहा वर्षांचा हिशोब पोरीने तिचा तिने करून ठेवला होता.

खटला उभा राहिला तेव्हा मी प्रत्येक तारखेला लातूरला जायची. पहाटेची एसटी, हातात दोन पुडांचा स्टीलचा डबा. खालच्या पुडात ज्वारीच्या भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी किंवा मेथी. बाई कोर्टातून आल्या की आम्ही आणि गफूरचाचा मिळून खायचो. बाई चटणी फार आवडीने खात, आणि तिखट कमी पडलं की धर्माबादजवळ राहून काय उपयोग म्हणून मला चिडवत. तिथेच एकदा 'आपला' या शब्दावर बोलणं निघालं. बाई म्हणाल्या, आमच्या कन्नडात 'नम्दु' म्हणतात, घरचं असो नाहीतर शेजाऱ्याचं. चाचांनी घास थांबवून सांगितलं, "हमारे यहाँ भी अपनाइच है बोलते, बाई. मालिक कोई भी हो." दत्ताही तेच बोलला होता. गाडीतल्या मालाला ड्रायव्हर 'माझा नाही' म्हणाला तर त्याच्याकडे चोर म्हणून बघतात. माल आपलाच म्हणायचा, म्हणजे मी जबाबदार आहे, काळजी करू नका. हा आमच्याकडचा अदब आहे. कागदावर त्याची मालकी झाली होती.

पण हे न्यायाधीशांना कसं सांगायचं? साहेब कोकणाकडचे, नुकतेच बदलून आलेले. बाई भाषण करतील असं मला वाटत होतं. त्यांनी भाषण केलं नाही. पंच म्हणून सही केलेला माणूस साक्षीला उभा होता, रस्त्यावरच्या धाब्यावर काम करणारा. सरकारी वकिलांपुढे त्याने पंचनामा घडाघडा सांगितला. मग बाई उठल्या. नाव, गाव, घरी कोण कोण, असं काहीबाही विचारलं. मग त्याच हळू आवाजात:

"तुम्ही काम करता तो धाबा कुणाचा?"

"आपलाच हाय, मॅडम."

बाई थांबल्या. साहेबांनी मान वर केली. "म्हणजे मालक तुम्ही?"

"न्हाई न्हाई. मालक अहमदपूरला ऱ्हातेत. मी भाज्या करून ऱ्हायलो तिथं."

साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत, एवढी विनंती बाईंनी केली. साहेबांनी टायपिस्टकडे बघून तो शब्द स्वतः दोनदा उच्चारला, 'आपलाच'. मग बाईंनी विचारलं की आरोपी हाच शब्द म्हणाला का, आणि म्हणाला तेव्हा पोतं उघडलेलं होतं की बांधलेलं. पंच जरा घुटमळला. बाई तशाच उभ्या राहिल्या... आणि तो म्हणाला, "हाव, आपलाच हाय म्हणला. तवा पोतं बांधलेलंच होतं. सगळ्याच मालाला म्हणला की तो." बत्तीस पोत्यांची बिल्टी दुसऱ्यांच्या नावाने होती. त्यांच्यावर कुणीही दत्ताची मालकी सांगत नव्हतं. बाई "झालं" म्हणाल्या आणि बसल्या. मागच्या बाकावर मी तोंडाला पदर लावून बसले होते. हसत होते की रडत होते, ते माझं मलाच कळत नव्हतं.

निकालाच्या दिवशी दत्ता निर्दोष सुटला. सुनंदाने बाईंचे पाय धरले तर त्यांनी तिला उठवलं आणि दत्ताला बाजूला घेतलं. पेढा हातात तसाच धरून त्याला झापलं. बिल्टी नसलेलं पोतं गाडीत घेतलंस ही चूक तुझीच, ती निकालाने पुसली नाही. आणि यापुढे रस्त्यावर कुणी विचारलं तर आपला हा शब्द वापरायचा नाही. ज्याचा माल त्याचं नाव घ्यायचं. दत्ताने हे इतकं मनावर घेतलं की नाक्यावर तो आता म्हणतो, माल अमक्या शेठचा, गाडी फायनान्सवाल्यांची, मी ड्रायव्हर. घरात मुलीने, ही चप्पल कुणाची म्हणून विचारलं तरी, "माझी, दत्ता म्हणून माणूस हाय त्याची," असं सांगतो. आम्ही हसतो.

त्या गडबडीत माझा डबा बाईंच्या ऑफिसात राहिला. मी नांदेडहून फोन केला तर म्हणाल्या, राहू द्या, पुढच्या तारखेला देते. मग दोघींच्याही लक्षात आलं की आता पुढची तारीख नाही. त्या फोनवर हसल्या. तेवढंच त्यांचं हसणं माझ्या कानात आहे. नंतर संक्रांतीला वगैरे आम्ही दोन-तीनदा जाऊन आलो, पण दर वेळी डबा तिथेच विसरला. मुद्दाम असेल, मला सांगता येत नाही. त्या आजारी आहेत हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या महिन्यापर्यंत त्या तारखांना जात होत्या म्हणे, वाचून.

परवा मी लातूरला गेले. बाईंची ज्युनियर आता त्या खोलीत बसणार आहे. गफूरचाचा फायली ज्याच्या त्याला देण्यासाठी लांबलचक यादी करत होते. फाईल, छत्री, कुणाचा राहिलेला चष्मा... प्रत्येकापुढे नाव. चाचांनी मला बाईंच्या खुर्चीसमोरच बसवलं. खुर्चीवर कुणी नव्हतं, टेबलावर पेन्सिलींचे तुकडे तसेच होते. चाचांनी बोलायची घाई केली नाही, तीही त्यांना लागलेली बाईंचीच सवय.

मग त्यांनी कपाटातून माझा डबा काढला. झाकणावर आईचं नाव कोरलेलं होतं, घासून घासून आता वाचता येत नाही. चाचांनी तो उजेडात धरून पाहिला, खाली ठेवला आणि पेन्सिल हातात घेतली. डबा कोण आणायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यातली चटणी त्यांनी माझ्याहून जास्त खाल्ली होती. पण यादी करायची तर विचारून करायची.

"बाई, हा डबा कुणाचा?"

माझा, असं म्हणायला हवं होतं. ज्याचं त्याचं नाव घ्यायला हवं होतं.

"आपलाच हाय, चाचा," मी म्हणाले. "राहू द्या इथंच."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग यादीत 'डबा' असं लिहून त्यापुढे, मी बोलले तसं, शब्दाला शब्द लिहिलं.